समुद्रकाठी सायकल, पक्षी आणि फजिती: तुमचेही अनुभव लिहा

आज सकाळी बस विक्रोळीच्या पुढे आली आणि खाडीवरून रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, लांबलचक रांग गेली. पंख उघडले की गुलाबी, मिटले की नुसती रेघ. शेजारची बाई मोबाईलमध्येच. मला एकदम मामा आठवला.

दहावीच्या नाताळच्या सुट्टीत मामा, धाकटा भाऊ आणि मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलो, तीन सायकली लाँचच्या टपावर बांधून. पुढे अलिबाग, मग अक्षी. मुक्काम मामाच्या मित्राकडे. अक्षीच्या किनाऱ्यावर एवढे पक्षी बसतात हे तोवर ठाऊक नव्हतं. कुरवांचा (सीगलचा) थवाच्या थवा एका दिशेला तोंड करून, आणि ते चिखले पक्षी! लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचे, लाट आली की पाय न भिजवता परत. आम्ही सायकली ओल्या वाळूत आडव्या टाकल्या आणि दुर्बीण घेऊन निघालो. मामा म्हणाला, "आज चतुर्थी, तीनला पूर्ण ओहोटी, निवांत बघा." तेव्हा साडेबारा वाजले होते. परत आलो तर भावाच्या सायकलचं फक्त हँडल दिसत होतं. ती मोरपिशी होती, नवी. पुढे वर्षभर चेन कुरकुरायची आणि भाऊ मामाशी बोलायचा नाही.

तुमचं काय काय बुडालंय? लिहा.

खाडीकाठची
अगं, गणित बरोबर होतं, उत्तर उलटं! तिथीची पाऊणपट केली की *भरतीची* वेळ येते, ओहोटीची नाही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला साधारण सव्वाअकरा-बारा. आमच्या घरात लहान पोरंपण बोटांवर सांगतात. अवसेपुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही. शिवडीला रोहित बघायला जाणाऱ्यांनी पण हेच बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात, पूर्ण भरतीला चिखलच नाही. मधल्या वेळी जा.

डबेवाली_नाही_डबा_भरणारी
+१ भारी धागा. आत्ता डबे भरतेय, रात्री लिहिते. माझ्याकडे मोठा किस्सा आहे.

पेडलपुसर
मार्वेहून फेरीबोटीने मनोरी, सायकल बोटीत. गोराईवरून उत्तनपर्यंत पहाटे रस्ता रिकामा असतो. उत्तनला वलांड्यांवर बोंबील सुकत असतात, वास आधी नाकात, मग कपड्यात, मग घरी बायकोच्या तोंडात (शब्दरूपाने). वाटेत चिखलात निवट्या उड्या मारताना बघत थांबलो. मासा असून जमिनीवर चालतो, त्यात एवढी ऐट! तेवढ्यात मागे तीन कुत्री. आयुष्यातला माझा सर्वोच्च वेग तो.

भोचक
निवट्यांचं कालवण खाल्लंय का कुणी?

खाडीकाठची
खाल्लंय म्हणजे काय. राख लावून धुवायच्या, नाहीतर हातातून सुटतात. बाकी इथे नको, उपास आहे आज.

शिळाप्रेस
अक्षी म्हणजे शिलालेखवालं ना? शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. मराठीतला सर्वांत जुना मानतात. तुम्ही पक्षी बघत बसलात!

मूळ धागाकर्ती
मामाने दाखवला होता. आम्ही सायकल वाळवत होतो.

नवशिका
अटल सेतूवरून सायकल नेता येते का? वरून रोहित मस्त दिसतील.

पेडलपुसर
दुचाकीला बंदी, सायकलीचं काय घेऊन बसलात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, त्यात न्या. तुमच्या मांड्यांना सेतूचा चढ झेपणार पण नाही.

वर्सोवाकर
२०१८ च्या मार्चमध्ये आमच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली तेव्हा मी सासुरवाडीला होतो. घरापासून दहा मिनिटांवर! ती हळहळ घालवायला पुढल्या वर्षी कोकणात कासवांच्या वेळासला गेलो. हरिहरेश्वरपर्यंत एसटी, तिथून सायकल, बागमांडल्याहून फेरीबोट, मग बाणकोट. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर खाली चार पिल्लं. तळहाताएवढीसुद्धा नाहीत, आणि समुद्र कुठे आहे ते कुणी न सांगता ठाऊक. चौथं सारखं उलटं पडत होतं, सगळा जमाव श्वास रोखून. हात लावू देत नाहीत, बरोबरच आहे. ते पाण्यात गेलं तेव्हा शेजारच्या पोलीसकाकांनी गॉगल लावला. ऊन नव्हतं.

भोचक
बोटवाल्याने "डॉल्फिन नक्की" सांगून दीड तास फिरवलं होतं आम्हाला. दिसलं काय, तर काळी पिशवी. आईने तिलाच हात जोडले.

खाडीकाठची
@मूळ धागाकर्ती, मामा कसे आहेत आता?

मूळ धागाकर्ती
गुडघे गेलेत. पण आत्ताच फोन केला, म्हणतो ओहोटीच होती, समुद्र चुकला.

डबेवाली_नाही_डबा_भरणारी
भांडी झाली, ओटा पुसला, आता लिहायला बसले तर किस्सा नेमका कुठला तेच आठवेना. जुहूला जेलीफिश होता एवढं नक्की. उद्या नवऱ्याला विचारून सांगते. उद्या डब्यात काय देताय सगळ्या?