मदत हवी आहे: बोरघाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला की बाबांना घेऊन मुलुंडहून गाडीने बोरघाटात जायचंय, जुन्या हायवेने, खोपोली-खंडाळा. १८६३ साली सुरू झालेल्या घाटातल्या रेल्वेमार्गावर आगगाडी या स्टेशनात थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने पुढची चढण. १९२९ मध्ये ते बंद झालं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर पत्नी अ‍ॅलिस यांनी घाटाचं काम तडीस नेलं, हे वाचल्यापासून बाबांनी ध्यासच घेतलाय. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपला होते ते. जुनी दगडी कमान दिसली की सांध्यांवरून बोट फिरवून बघतात. पण गुडघे दुखतात. गाडी कुठे लावावी? अवशेषांपर्यंत चालणं किती? परवानगी लागते का? अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.