क्रेटाला लोअरिंग स्प्रिंग घरीच बसवायच्या आहेत, कुणी केलंय का?

घाटवळण

नमस्कार मंडळी. माझी २०१७ ची क्रेटा आहे, १.६ डिझेल, ८२ हजार किमी झालेत. गाडीबद्दल तशी तक्रार नाही पण चाकाच्या वरचं ते मोकळं अंतर बघितलं की मला कायम वाटतं गाडीने पायजमा वर खोचलाय. दुसरं म्हणजे खंबाटकी उतरताना मागे बसलेल्यांना मळमळतं, बायको म्हणते गाडी होडीसारखी हलते, आणि खरं सांगायचं तर हल्ली मलाही ते जाणवायला लागलंय.

तर एका ओळखीच्या पोराने त्याची क्रेटा विकली, त्याआधी काढून ठेवलेला, गाडी ३५ एमएम खाली बसवणारा लोअरिंग स्प्रिंगचा सेट त्याने मला स्वस्तात दिलाय, जेमतेम ५ हजार किमी वापरलेला. सासऱ्यांचं साताऱ्याला घर आहे, पुढे कोबा केलेलं सपाट अंगण. माझ्याकडे ट्रॉली जॅक, दोन स्टँड, गोटी सेट आणि टॉर्क पाना आहे, आणि स्प्रिंग दाबून धरायला ऑनलाइन मिळतो तो दोन हुकवाला स्प्रिंग कॉम्प्रेसर मागवलाय. ऑइल, ब्रेक पॅड वगैरे घरीच करतो मी. एका रविवारात होईल का? शॉकप जुनेच ठेवले तर चालतील का? आणि चाकांचं अलाइनमेंट लगेच करायचं की थांबायचं?

चिपळूणकर

उंच गाडी म्हणून जास्तीचे पैसे मोजून एसयूव्ही घ्यायची आणि मग ती खाली बसवायची, हे मला आजतागायत कळलेलं नाही. जमिनीपासूनच्या १९० एमएम उंचीमधून ३५ गेले की राहिले १५५. स्विफ्टला १६३ असतं हो. त्यात पाच माणसं आणि गणपतीचं सामान भरलं की अजून खाली. स्पीडब्रेकर नियमाप्रमाणे १० सेंटीमीटर उंच असायला हवा, आमच्या आळीतला बघायला या एकदा, त्याला ब्रेकर नाही बांध म्हणतात.

घाटवळण

हाहा, मान्य आहे, पण उपदेश बायकोकडून भरपूर मिळालाय, पाने कुठे लावायचे ते सांगा.

कोल्हापुरी_पाना

भावा सांगतो, पण आधी तो हुकवाला कॉम्प्रेसर परत पाठव. थोरल्या भावाचं गॅरेज हाय आमचं, तिथं डोळ्यानं बघितलंय, एका बाजूचा हुक सरकला आणि स्प्रिंग जी सुटली ती पत्र्याच्या कपाटावर, कपाटाचं दार असं आत गेलं. मधी कोण नव्हतं म्हणून हसतोय आता.

क्रेटाचं मागचं काम सोपं हाय. मागं बीम हाय (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आणि स्प्रिंग वेगळी, शॉकप वेगळा, त्यामुळं कॉम्प्रेसर लागतच नाही. पुढच्या चाकांना ठोकळे लाव, गिअरमधी ठेव (हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, मागची चाकं उचलल्यावर त्याचा उपयोग शून्य), बॉडीच्या खाली स्टँड दे, मग जॅक बीमखाली घेऊन दोन्ही शॉकपचे खालचे बोल्ट काढ आणि बीम हळूहळू खाली सोड. ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर ताणत नाही ना तेवढं बघ. स्प्रिंग हातात येती. वरचं खालचं रबर तसंच परत लाव, तुटलं असलं तर नवीन घे, नायतर पुढच्या महिन्यात टकटक आवाज शोधत फिरशील.

पुढं मात्र शॉकप आणि स्प्रिंग एकाच नळ्यात असतंय, त्यालाच स्ट्रट म्हणायचं. लिंक रॉडचा (स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणारी बारकी दांडी) नट काढताना त्याचा दांडा गोल फिरतो, तो धरून ठेवायला लागतो, गंजला असला तर आदल्या रात्री तेल मारून ठेव. होस आणि वायरचे ब्रॅकेट सोड, नकलचे (चाक ज्यावर बसतं तो तुकडा) दोन बोल्ट, आणि शेवटी बॉनेटखालचे नट. नकल तारेनं बांधून ठेव, मोकळा सोडलास आणि बाहेर कलला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो, मग तुझा रविवार सोमवारात जातोय. मधला मोठा नट, जो शॉकपच्या दांड्यावर असतो, तो गाडीवर असताना अजिबात हलवायचा नाही. स्प्रिंग दाबल्याशिवाय तो काढला तर माउंट तोंडावर येतं.

मी काय म्हणतो, दोन्ही स्ट्रट काढ, स्कूटरवर टाक आणि भिंतीला बसवलेला कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजात घेऊन जा. दहा मिनिटाचं काम हाय, चारपाचशे घेतील. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलं पाहिजे हे तिथं उभा राहून बघ.

आणि शॉकपचं म्हणशील तर ८२ हजारावर ते जुनेच ठेवणार असशील तर मी हे काम करू नको म्हणीन. लोअरिंग स्प्रिंग कडक असती, थकलेला शॉकप तिला आवरू शकत नाही, गाडी खाली बसती पण उड्या मारती. होडीसारखी हलते म्हणालास ना, ते स्प्रिंगचं दुखणं वाटत नाही मला.

स्टुटगार्टकर

मी गेल्या वर्षी कॅरोकला बसवल्या, म्हणजे स्कोडाची, क्रेटापेक्षा थोडी लांब. इथे तासावर लिफ्ट भाड्याने मिळणारी वर्कशॉप असतात, मीटवेर्कश्टाट म्हणतात त्यांना, मी आणि एक मित्र सकाळी ८ ला गेलो आणि दुपारी ३ ला निघालो, त्यातले दोन तास एका लिंक रॉडच्या नटाने खाल्ले. फोक्सवॅगनच्या घराण्यात शॉकप नकलच्या क्लॅम्पमध्ये बसतो आणि तो फाकवायला वेगळा तुकडा लागतो, शिवाय बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तुझ्याकडे ती भानगड नाही.

कोल्हापूरकरांनी सगळं सांगितलंच आहे, मी दोन गोष्टी जोडतो. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातल्या बुशिंगा, रबराचे असतात आणि बोल्ट ज्या उंचीला आवळला तीच त्या रबराची आरामाची जागा. गाडी खाली आली की ते रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून ते बोल्ट जरा सैल करून, गाडी चाकांवर पूर्ण वजनाने उभी असताना परत आवळायचे. हवेत लटकलेली असताना नाही! हे इतके लोक विसरतात.

दुसरं, अलाइनमेंट. पुढे गाडी खाली आली की कॅम्बर निगेटिव्हकडे जातो (चाकाचा वरचा भाग आत कलतो) आणि टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलेली दिसतात ते) बदलतो. टायर आतून खाल्ला गेला की सगळे कॅम्बरला शिव्या घालतात पण खरा चोर बहुतेक वेळा टो असतो. काम झाल्यावर लगेच ढोबळ करून घे, मग ४००-५०० किमी चालवून स्प्रिंग बसली की नीट कर. मागे बीम असल्यामुळे तिथे फिरवायला काही नाही. हेडलाइटचा झोतही बघून घे.

आणि एक कटू सत्य. पुढच्या या प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये गाडी फार खाली केली की आर्म उलटे कलतात, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली घसरतं, म्हणजे वळणावर कलायला उलट जास्तच जोर मिळतो. तो जोर स्प्रिंगच्या कडकपणाने झाकलेला असतो इतकंच. म्हणून ३० च्या आसपास ठीक, ५०-६० वाले निव्वळ फोटोसाठी. कापलेल्या स्प्रिंगबद्दल तर बोलायलाच नको, चाक लटकलं की ती जागेवर सैल होते.

इथे मला स्प्रिंगसोबत आलेला कागद घेऊन ट्यूफकडे (इथली गाड्या तपासणारी संस्था) जावं लागलं, त्यांनी स्प्रिंगवरचा नंबर टॉर्च मारून वाचला, उंची मोजली आणि मग सही. भारतात काय पद्धत आहे?

आरसी_बुक

भारतात तशी सोय असती तर काय हवं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करू नका. स्प्रिंगची उंची आरसीवर नसते म्हणून लोक वाद घालतात, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ए मध्ये मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आलंय, आणि रस्त्यावर उभं असताना वाद घालायची हौस कुणाला असते. त्यापेक्षा इन्शुरन्सचं बघा दादा. न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला दिसला की तो तिथेच बोट ठेवतो. आधी ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या.

घाटवळण

उशिरा लिहितोय, सॉरी. परवा साताऱ्याला गेलो होतो. आधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहिलं, सासरेबुवांना वाटलं नातवाने गणितं केली.

मागून सुरुवात केली. बीम खाली सोडला, स्प्रिंग खरंच हातात आली, विश्वासच बसेना. मग कोल्हापुरी दादांचं डोक्यात होतं म्हणून शॉकप पूर्णच काढला आणि हाताने दाबून बघितला. डावा हवा भरायच्या पंपासारखा सरसर आत गेला आणि बाहेर यायचं नावच घेईना. उजवा तेलाने ओला, त्यावर मातीचा थर, म्हणजे कधीपासून गळतोय देव जाणे. इतकी वर्षं मी गाडीखाली झोपून ऑइल बदलतोय आणि मान वळवून मागे बघितलं नाही.

सासऱ्यांच्या स्कूटरवरून जाऊन मागचे दोन नवे शॉकप आणले आणि मूळ स्प्रिंगच परत बसवली, म्हटलं आधी एकच गोष्ट बदलून बघू. दुसऱ्या दिवशी पुढचे स्ट्रट काढून गॅरेजात नेले, तिथे नवे शॉकप आणि वरची बेअरिंग टाकून घेतली, एका बाजूची बेअरिंग हाताने फिरवली तर करकर वाजत होती. चाकांचे नट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरवर आवळले. लिंक रॉडने माझाही दीड तास घेतला.

येताना खंबाटकीला बायको मागेच बसली होती, मुद्दाम. बोगदा गेला, वळणं गेली, ती झोपलेली. मळमळ नाही. पायजमा अजून वर खोचलेलाच आहे.

कॉम्प्रेसर परत पाठवला. स्प्रिंगचा सेट सासऱ्यांच्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलाय. विकायचा नाहीये, मेसेज करू नका.

चिपळूणकर

शॉकप कितीला पडले ते सांगा, आमचीपण हलते.