अनुभव धागा: गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर चालवताना

चोपडा तालुका, केळी बागायतदार (धागा सुरू करणारा)

मागच्या आठवड्यात नव्या बागेत ठिबक टाकत होतो. सबमेनच्या पाइपाला (ठिबकच्या नळ्यांना पाणी देणारा मोठा पाइप) ग्रोमेटची, म्हणजे नळी बसवायच्या रबरी कडीची, भोकं पाडायची होती, आणि शेतातली लाइन त्या आठवड्यात रात्रपाळीची. म्हणून पिकअपच्या बॅटरीला ६०० वॅटचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या बारा व्होल्टचे घरच्यासारखे २३० करणारा डबा) जोडला आणि त्यावर ५०० वॅटचं ड्रिल लावलं. वायर घराच्या फिटिंगमधून उरलेली, अडीच एमएमची (म्हणजे आतल्या तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर). प्लस-मायनस दोन्ही तीन-तीन मीटर, टोकांना चिमटे.

दहा-बारा भोकं झाली की इन्व्हर्टर टीं टीं करून बंद पडायचा. मला वाटलं बॅटरी उतरली. मुलाला म्हटलं गाडी चालू कर, रेस दे. रेस दिली की चालायचा. पन्नासेक भोकं झाली असतील, तेवढ्यात मुलगा ओरडला, "बाबा, धूर निंघी ऱ्हायना!" बॉनेटच्या कडेखाली वायर दबली होती. तिथलं प्लास्टिक लोण्यासारखं मऊ होऊन ओघळलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं, आणि तिथून चार बोटांवर डिझेलचा पाइप. फडकं गुंडाळून चिमटा उपटला. दोन बोटांना फोड आले, त्यावरच निभावलं.

आपल्या भागात आता ट्रॅक्टर, पिकअप, जीप, सगळीकडे इन्व्हर्टर दिसतो. कुणी फवारणी पंप चार्ज करतं, कुणी रात्री उजेड करतं, कुणी लग्नात स्पीकर लावतं. ज्यांनी वापरलाय त्यांनी लिहा. काय चुकलं तेही लिहा, म्हणजे दुसऱ्याची गाडी वाचेल.

धुळे, ऑटो इलेक्ट्रिशियन, २२ वर्षं गॅरेज

भाऊ, बॅटरी उतरलीच नव्हती. तुमच्या वायरने व्होल्ट खाल्ले.

हिशोब मांडतो. बारा व्होल्टच्या गाडीत वॅटला १० ने भागायचं, म्हणजे इन्व्हर्टरची घट धरून अँपियर मिळतात. ५०० वॅट म्हणजे ५० अँपियर. तेच ड्रिल घरात २३० व्होल्टवर जेमतेम सव्वादोन अँपियर ओढतं, म्हणून घरची वायर तिथे थंड राहते. तुमची जाऊन-येऊन सहा मीटर अडीच एमएम वायर ५० अँपियरला साधारण २ व्होल्ट खाते. बॅटरीवर साडेबारा असतील तर इन्व्हर्टरपाशी साडेदहाच पोचतात, आणि बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास ओरडून बंद होतात. ती टीं टीं वायरीबद्दल होती. तुम्ही रेस दिली, व्होल्ट वाढले, इन्व्हर्टर चालू राहिला आणि वायरीला थंड व्हायला मिळणारी उसंत गेली. २ व्होल्ट गुणिले ५० अँपियर म्हणजे १०० वॅटची उष्णता. एवढी शेगडी तुम्ही बॉनेटखाली लावली होती.

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून लोक त्या बाजूला बिनधास्त असतात. पण आग लागते ती त्याच बाजूने. आणि इन्व्हर्टरमधून निघणारे २३० व्होल्ट घरच्या बोर्डाइतकेच जीव घेणारे असतात. ओल्या रानात, पाय चिखलात असताना तर ड्रिलला हातच लावू नका.

माझ्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांपैकी नऊ गाड्यांत बॅटरीपाशी फ्यूज नसतो. गिऱ्हाईक म्हणतं, इन्व्हर्टरच्या आत आहे ना फ्यूज. आहे, पण तो इन्व्हर्टरला वाचवतो. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर मधेच कुठे पत्र्याला घासून टेकली, तर त्या आतल्या फ्यूजला पत्ताही लागत नाही. बॅटरी शेकडो अँपियर सोडते, तेवढ्यात वायर लाल होते. म्हणून फ्यूज प्लसच्या टर्मिनलपासून एका वितीच्या आत हवा. तो वायरीला झेपेल एवढ्याचाच घालायचा. ६०० वॅटला मी २५ एमएमची वायर आणि ८० अँपियरचा फ्यूज घालतो, लग्ज (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून, नट आवळून. चिमटे फक्त शंभर-दीडशे वॅटपर्यंत ठीक. आणि उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून आणणाऱ्याला मी आधी ती तार काढायला लावतो, मग बाकीचं बोलतो.

जोडायचा क्रमही सांगून ठेवतो. इन्व्हर्टरचं बटण बंद. आधी इन्व्हर्टरकडची टोकं घट्ट करा, मग बॅटरीचा प्लस, आणि सगळ्यात शेवटी मायनस, तोही बॅटरीपासून लांब, इंजिनच्या किंवा चेसिसच्या चांगल्या उघड्या लोखंडावर. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, कारण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एकदम भरतात. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला तेवढी ठिणगी पुरते. एकदा माझ्यासमोर एका पोराने नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीवर पाना आडवा टाकला. झाकणच उडालं. अ‍ॅसिड तोंडावर आलं. नळाखाली वीस मिनिटं डोळे धुतले, मग दवाखान्यात नेलं. डोळे वाचले. तेव्हापासून माझ्या गॅरेजात चष्म्याशिवाय कुणी बॅटरीजवळ वाकत नाही.

रावेर तालुका, केळी आणि हरभरा

मी इन्व्हर्टरवर फक्त उजेड केला, तरी फसलो. हरभऱ्यात रानडुकरं येत होती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ३० वॅटचे, २३० व्होल्टवर चालणारे दोन एलईडी फोकस रात्री नऊला लावले आणि खाटेवर पडलो. पहाटे दिवे सुरूच होते, इन्व्हर्टरने हूं की चूं केलं नव्हतं. पण ट्रॅक्टरला चावी मारली तर नुसतं टक् टक्. केळीची गाडी भरायला मजूर उभे आणि आम्ही ट्रॅक्टर ढकलतोय.

नंतर समजलं. इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला बंद होतो, पण ट्रॅक्टर उचलण्याची ताकद बॅटरीतून त्याच्या कितीतरी आधीच गेलेली असते. भरलेली, आराम केलेली बॅटरी १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. गाडीची बॅटरी क्षणभर जोर लावण्यासाठी असते, तिच्या प्लेटा पातळ. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी ती रोज तळापर्यंत रिकामी केली, तर एका हंगामात संपते. माझी तशीच संपली.

आता मी दोन गोष्टी केल्या. व्होल्ट दाखवणारं छोटं मीटर डॅशबोर्डला चिकटवलं, १२.२ दिसलं की दिवे बंद. आणि ते फोकस काढून थेट बारा व्होल्टवर चालणारे एलईडी लावले. नुसत्या उजेडासाठी इन्व्हर्टरची गरजच नव्हती. आधी बाराचे २३० करायचे आणि दिव्याच्या आत पुन्हा ते खाली आणायचे, त्यात वीज वायाच जाते. शिवाय काहीच जोडलेलं नसलं तरी इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज पीत राहतो.

साक्री, शिक्षक

माझा वापर लहान. गाडीच्या लायटरच्या सॉकेटमध्ये १५० वॅटचा इन्व्हर्टर, त्यावर लॅपटॉप. तीन वर्षं झाली, तक्रार नाही. एकदा शिबिरात त्याच्यावर लेझर प्रिंटर लावला आणि सॉकेटचा फ्यूज उडाला. लेझर प्रिंटरच्या आतला रोलर तापताना एकदम कित्येकशे वॅट ओढतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. लायटरच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपियरचाच फ्यूज असतो.

भुसावळ, ट्रक ड्रायव्हर

ट्रकवाल्यांसाठी लिहितो. आपली गाडी २४ व्होल्टची, बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. नागपूर लाइनला जाताना मी बाराचा इन्व्हर्टर घेतला आणि एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून दोनपैकी एकाच बॅटरीवर टाकला. पंखा, मोबाइल, मजेत चाललं होतं. दोन महिन्यांनी एक बॅटरी कायम उतरलेली आणि दुसरीचं पाणी उकळून आटलेलं. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो. एक रिकामी आणि दुसरी भरलेली असली की भरलेलीवर जास्त दाब येतो. दोन्ही बदलाव्या लागल्या, म्हणजे पगारातले किती गेले ते घरच्यांनाच माहीत. ट्रकला २४ चाच इन्व्हर्टर घ्या, दोन्ही बॅटऱ्यांवरून.

धडगाव, गृहिणी

आमच्या पाड्यावर पावसाळ्यात लाइन गेली की कधीकधी दोन-दोन दिवस येत नाही. सासूबाईंना दमा आहे, घरी नेब्युलायझर (औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं मशीन) आहे. एका रात्री त्यांचा श्वास लागला. ह्यांनी जीप दारात आणली, बाजारातून आणलेला स्वस्त इन्व्हर्टर लावला. मशीन सुरू झालं, पण आवाज वेगळाच, घरघर केल्यासारखा. एरवी नळीच्या तोंडाशी दाट धूर दिसतो, त्या रात्री विरळ येत होता. हात लावला तर मशीन भाजत होतं. मी मिनिटं मोजत बसले होते. कसंबसं औषध संपलं, सासूबाईंना झोप लागली, मला लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला जाऊन विचारलं. स्वस्त इन्व्हर्टरची वीज पायऱ्यापायऱ्यांची असते, मोटार असलेलं मशीन त्यावर तापतं आणि नीट चालत नाही. दवाखान्याच्या मशीनला प्युअर साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) इन्व्हर्टर लागतो, आणि आपल्या मशीनला चालेल का, हे मशीनच्या कंपनीला विचारून घ्यायचं. आम्ही ३०० वॅटचा प्युअर साइन घेतला. त्यावर मशीनचा आवाज घरच्यासारखाच येतो. डॉक्टरांनी तोंडाने औषध ओढायचा पंप आणि त्याला जोडायची नळी, म्हणजे स्पेसरही दिलाय, त्याला वीजच लागत नाही. तो मी चुलीपासून लांबच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवते.

शिरपूर, दुकानदार

वरच्या ताईंनी जीप दारात ठेवली ते फार बरं केलं. आमच्या ओळखीत एकाने पावसामुळे शटर खाली ओढून आत गाडी चालू ठेवली होती, इन्व्हर्टर चालावा म्हणून. अर्ध्या तासात आतल्या दोघांचं डोकं गरगरायला लागलं, उलट्या झाल्या. शटर उघडलं म्हणून वाचले. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी चालू ठेवायची तर उघड्यावरच, आणि सायलेन्सरचं तोंड दारा-खिडकीपासून लांब.

उन्हाचंही सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, बंद गाडीत त्याहून जास्त. माझा इन्व्हर्टर सीटखाली पोत्याआड होता, निम्म्या लोडवरच गरम होऊन बंद पडायचा. बाहेर काढून पंख्याची जाळी मोकळी ठेवली, तर तोच पूर्ण लोड घेतो.

अमळनेर, वायरमनची मुलगी

कानबाईच्या रात्री सगळा गोतावळा गावी आलेला, रोट झालेले, बायका गाणी म्हणत होत्या आणि लाइन गेली. एका काकांनी जीपच्या इन्व्हर्टरमधून वायर काढून, तिच्या दुसऱ्या टोकालाही पिन लावून, ती सरळ घराच्या सॉकेटमध्ये खुपसली. घरभर दिवे लागले, सगळे खूश. वीस मिनिटांनी लाइन आली आणि इन्व्हर्टर फाडकन फुटला. पडदा पेटला. माझ्या चुलत भावाने गोधडी टाकून विझवला.

पण मला रात्रभर दुसरंच आठवत होतं. मेन स्विच बंद नव्हता. घरातली वीज मीटरमधून उलटी बाहेर पोलावर जाते, आणि तिथे लाइन बंद आहे असं समजून कुणीतरी चढलेला असतो. माझे वडील तीस वर्षं असे पोलावर चढले. त्या पिन लावलेल्या वायरीचे मी सकाळी कातरीने तुकडे केले. इन्व्हर्टरवर जे चालवायचं ते त्याच्याच सॉकेटमध्ये लावा, घराच्या फिटिंगमध्ये कधीच नाही.

चोपडा, पुन्हा मीच

सगळ्यांचं वाचून रविवारी काम करून घेतलं. इन्व्हर्टर आता बॅटरीपासून एक मीटरवर. २५ एमएमची वायर, बॅटरीपाशी ८० चा फ्यूज, पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे रबराचं वायसर. ड्रिलपर्यंत लांबी हवी म्हणून २३० च्या बाजूला जाड एक्स्टेन्शन घेतलं, तिकडे करंट कमी असतो.

काल उरलेली भोकं पाडली, गाडी बंद ठेवून. मुलाने मीटर धरला होता. ड्रिल पूर्ण जोरात असताना बॅटरीवर १२.१, इन्व्हर्टरपाशी १२. वायरीला हात लावून पाहिला, थंड होती. दर पंधरा भोकांनंतर गाडी थोडा वेळ चालू केली. आता फवारणी पंपाचं चार्जिंग त्याच्यावर घ्यायचंय. बारा व्होल्टवर थेट चालणारा चार्जर कुणी वापरला असेल तर सांगा, म्हणजे त्यालाही इन्व्हर्टर लागणार नाही.