टेकडी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्यावी का?

टेकडीकर: गेल्या पावसाळ्यात नोकरी गेली आणि दोन महिने मी घराबाहेर पडलो नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, वर बजावलं की रोज पहाटे पुण्यातली वेताळ टेकडी चढायची. जाम चिडलो होतो. तिसऱ्या आठवड्यात खाणीपाशी बसलेलो असताना मोर ओरडला आणि एकदम लक्षात आलं, आपल्याला भूक लागलीय. कित्येक दिवसांनी! जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नानाची कल्पना मांडली. मग आपल्या सरकारी दवाखान्यात ‘रोज अर्धा तास झाडांत’ असं चिठ्ठीवर का लिहू नये?

शंकासुर: बरं वाटतंय हे वाचून आनंद झाला. पण या गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतातच. मोर नेमका तेव्हा ओरडला, इतकंच. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीचा अभ्यास आला होता: आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणारे जास्त ठणठणीत आणि समाधानी. आता ज्याची तब्येत बरी तोच बाहेर पडतो, असंही असेल की!

टेकडीकर: मग अमेरिकन संशोधक उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास घ्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. खाटा त्यांनी स्वतः निवडल्या नव्हत्या.

शंकासुर: एकच रुग्णालय, ४६ रुग्ण. त्यावर सरकारी योजना काढायची?

दोडामार्गची: तुमचं जंगल फारच गुणी दिसतंय. आमच्याकडे काजूचा हंगाम आणि गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाचा हंगाम एकच. मेलेलं माकड दिसलं की त्या बाजूला फिरकायचं नाही, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी आता दुसरं कोणीतरी शोधत असतात. तरी बागेत जावंच लागतं, काजू आपोआप घरी येत नाहीत. आई भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, अंगाला तेल चोपडून जाते. आमचं वनस्नान म्हणजे परत आल्यावर गोचिडी शोधत केलेली कढत पाण्याची आंघोळ. जंगलात मन रमतं कोणाचं? ज्याला तिथे काम नाही त्याचं.

टेकडीकर: हे डोक्यातच आलं नव्हतं. खरंच.

पहाटपाळी: आणि ‘पहाटे’ कोणासाठी? टेकड्यांवरच्या लूटमारीच्या बातम्या वाचून मी एकटी जात नाही. नवरा रात्रपाळीला. चिठ्ठीवर ‘सोबतीला एक माणूस’ असंही लिहून मिळेल का? हडपसरहून दोन बस बदलून तिथे पोचेपर्यंत तुमचा अर्धा तास कधीच संपलेला असतो. माझ्या गल्लीत चार झाडं आणि एक धड बाक द्या, तिथे बसेन.

टेकडीकर: ‘पहाटे’ मागे घेतो. गोळ्याही चालूच आहेत. टेकडीपायी कोणी परस्पर बंद करू नका. मागणी मात्र सोडत नाही. चिठ्ठीवर आली तर टेकडी राखणं हा आरोग्याचा प्रश्न होईल. टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या वादात आपण नुसते ‘झाडंवेडे’ ठरतो.

शंकासुर: रस्ता मलाही नकोय. पण त्यासाठी टेकडीला औषध कशाला म्हणायचं? उद्या कोणी सिद्ध केलं की गुण गोळ्यांचाच होता, मग तोडू द्यायची का झाडं?