पॅच आला, टेस्ट कोणी चालवायच्या?

ऐरोलीकर: आमचं शुद्धलेखन तपासायचं छोटं ओपन सोर्स टूल आहे. तिघे मेंटेनर, सगळे नोकरी सांभाळून. बाहेरून पॅच (कोडमधले बदल) येतात, पण टेस्ट न चालवताच. हे काम कोणाचं? महापेच्या ऑफिसात जुना डेस्कटॉप पडून आहे, तो रनर म्हणून, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारं मशीन म्हणून लावू का?

कळवा_नाका: डेस्कटॉप अजिबात नको. रेपो (गिटहब साइटवरचं कोडचं कोठार) पब्लिक आहे ना? मग कोणीही फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) टेस्टच्या फाइलमध्ये हवी ती कमांड घुसवेल आणि ती ऑफिसच्या नेटवर्कवर चालेल. पब्लिक रेपोला गिटहबचे साधे रनर फुकट आहेत. टाइमआउट १५ मिनिटं द्या, नाहीतर अडकलेला जॉब ३६० मिनिटं रेंगाळतो.

वाशी_सेक्टर१७: बदलापुरत्या टेस्ट पाठवणाऱ्याने आपल्या मशीनवर चालवाव्यात. बग असेल तर जुन्या कोडवर फेल होणारी नवी टेस्टही जोडावी. पूर्ण संच सीआय, म्हणजे रनरवर आपोआप होणारी तपासणी, बघेल. नवख्याचा पॅच असेल तर तो रनरवर चालू द्यायला ‘अप्रूव्ह’ दाबण्याआधी वर्कफ्लोची फाइल (काय चालवायचं ते सांगणारी) आणि सेटअप स्क्रिप्ट नीट वाचा. क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी फुकटचे रनर ओरबाडले, म्हणून तर २०२१ मध्ये ही मंजुरी आली.

ऐरोलीकर: फोर्कला सीक्रेट (रेपोत ठेवलेले गुप्त पासवर्ड) मिळत नाहीत, म्हणून एक टेस्ट कायम लाल. सीक्रेट मिळू देणारा ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ ट्रिगर वापरू?

कळवा_नाका: त्यात फोर्कचा कोड चेकआउट करून (उतरवून घेऊन) चालवलात की तिजोरीची किल्ली चोराच्या हाती. ती एक टेस्ट मर्जनंतर (पॅच स्वीकारल्यावर) मेन ब्रँचवर, म्हणजे मुख्य कोडवर चालवा. फुटली तर आधी रिव्हर्ट (पॅच मागे घ्या), वाद नंतर.