अंधारातलं रोइंग
पहाटे अंधारात रोइंग, म्हणजे वल्ही मारत बोट चालवणं, कशाला, उजाडल्यावर बोट काढा की, हे म्हणणं समजतं, पण पहाटे बहुतेक वेळा वारा पडलेला असतो, मोटरबोटींच्या लाटा नसतात, तसं सपाट पाणी नंतर क्वचितच मिळतं. मात्र पुढे-मागे लाइट लावल्याशिवाय अजिबात निघू नका. रोइंग करणाऱ्याची पाठच जायच्या दिशेला असते, त्यात आठ जणांची बोट १७-१८ मीटर लांब, चटकन थांबत नाही. आणि लाइट डोळ्यांवर येणारा नको, अंधाराला सरावलेली नजर एकदा गेली की परत सरावायला २०-३० मिनिटं लागतात. बाकी दिसत नाही म्हणून कान जागे होतात हे खरंय, आठही वल्ही एकदम पाण्यात पडली की एकच आवाज येतो, एखादं जरी मागे राहिलं तरी लगेच कळतं, दिवसा इतकं कधीच जाणवलं नाही मला.