हाताने कोलाज करायचंय, पण भित्तिपत्रक होतंय! सल्ला हवा

कात्रीबहाद्दर:
उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'माझी गल्ली' विषयावर ए-३ आकाराची तीन कोलाज द्यायची आहेत, संगणकाला हात न लावता. पहिलं नेलं तर सर म्हणाले, "शाळेतलं भित्तिपत्रक वाटतंय." शिवाय पांढऱ्या गोंदाने कागदाला लाटा आल्या आणि वाळल्यावर कार्डशीट पापडासारखी वळली. कागद कुठला, गोंद कुठला, मांडणी कशी? बजेट ५०० रुपये, त्यातले २०० उडालेत.

जुना_बाइंडर:
गोंदाला दोष देऊ नकोस. ओल लागली की कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि खालच्याला ओढतो. कार्डशीटऐवजी २ मिमी पुठ्ठा घे आणि मागच्या बाजूलाही एक पूर्ण कागद चिकटव. ओढ दोन्हीकडून सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो. तुकड्याला गोंद लावून मिनिटभर थांब, त्याला काय फुगायचं ते फुगू दे, मग बसव. रात्रभर वजनाखाली.

आणखी एक. कागदाचा कपटा एका बाजूने ओला केलास की तो गुंडाळतो. ज्या रेषेभोवती गुंडाळतो ती तंतूंची दिशा. मोठ्या तुकड्यांचे तंतू पुठ्ठ्याच्या तंतूंना समांतर ठेव.

गव्हाच्या पिठाची खळही उत्तम, ओली असेपर्यंत तुकडा सरकवता येतो. आम्ही कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचो. तू घालू नकोस, विषारी असतं.

रद्दीप्रेमी:
लग्नपत्रिका!! घरोघरी गठ्ठे पडून असतात. जाड, खरखरीत, सोनेरी, सगळं फुकट. पुण्यात असशील तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एक चक्कर मार, १९४० पासूनची आहे. सुती चिंध्यांचा कागद फाडून बघ, कड कशी लवदार येते. छापील कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. कुठली हवी ते ठरवूनच फाड.
वर्तमानपत्र पिवळं पडणार हे धरून चाल. इंकजेटची प्रिंट ओल्या गोंदाने पसरते.

तिरकस:
कागदाचं झालं, आता मूळ दुखणं. पहिल्या कोलाजमध्ये किती प्रकारचे कागद होते?

कात्रीबहाद्दर:
अं... चौदा-पंधरा? रिक्षा, मांजर, पाणीपुरीवाला, सगळं मासिकातून कापलं.

तिरकस:
तेच तर भित्तिपत्रक! मासिकातली रिक्षा रिक्षाच राहते, तुझी गल्ली होत नाही. चार कागद घे, फार तर पाच. रिक्षा साध्या पिवळ्या-काळ्या तुकड्यांतून काप. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५६-५७च्या सुमारास गेली, त्यानंतर त्यांनी कागद कापून केलेली चित्रं शोधून बघ. मोजके आकार, पण माणूस बसलाय की वाकलाय ते लगेच कळतं.
आणि चिकटवायची घाई नको. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस कापलेले आकार टाचण्यांनी भिंतीवर लावून हलवत बसायचा. तूही दोन दिवस टाचणीवर काढ. रोज मोबाइलवर कृष्णधवल फोटो घे. सगळं एकसारखं करडं दिसलं तर गडद-फिकटाचा घोळ आहे, रंग बदलत बसू नकोस.

कात्रीबहाद्दर:
दादा, काका, आभार. आजीकडून पत्रिकांची पिशवी मिळाली. अट एकच, गणपती कापायचा नाही.

जुना_बाइंडर:
आम्हीही कधी कापला नाही. बाजूला काढून ठेव.